विश्लेषण : माजी सैनिकांची तपासणी दहा मिनिटांची, फेरा दिवसभराचा! मुंबई उपनगरांत ‘ईसीएचएस’च्या रांगेवर उपाय काय?

उपचार रोकडरहित आहेत, औषधे मिळतात, मोठ्या खासगी रुग्णालयांची दारेही खुली आहेत. तरीही बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये राहणाऱ्या माजी सैनिकाला साध्या तपासणीसाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. डॉक्टरांची वेळ ऑनलाइन मिळाली की हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. तो तेवढ्याने का सुटत नाही आणि सुधारणा कुठून सुरू करता येईल, याचा हा आढावा.

ईसीएचएस योजना काय आहे?

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी निवृत्त सैनिकांना प्रामुख्याने लष्करी रुग्णालयांवरच अवलंबून राहावे लागे आणि तिथे सेवेतील जवानांना प्राधान्य असे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस योजनेच्या धर्तीवर ही नवी व्यवस्था उभी राहिली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि नंतर निवृत्तिवेतनधारक सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील यांना उपचार मिळायचे, असे तिचे स्वरूप आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार शिपाई ते हवालदार या हुद्द्यांसाठी ही वर्गणी ३० हजार रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजरसाठी ६७ हजार रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये आहे. युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींना वर्गणी माफ आहे.

देशभरात या योजनेची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत आणि लाभार्थ्यांची संख्या ५० लाखांच्या पुढे गेली आहे. प्रत्येक लाभार्थी एका पॉलिक्लिनिकशी जोडलेला असतो. तेच त्याचे ‘पेरेंट पॉलिक्लिनिक’.

एका तपासणीसाठी किती टप्पे?

इथेच खरी गोम आहे. समजा, मुलुंडमधील एका निवृत्त हवालदाराला गुडघेदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचे आहे. त्याने आधी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन स्मार्ट कार्ड दाखवायचे आणि नंबर लावायचा. वैद्यकीय अधिकारी तपासतात आणि गरज वाटल्यास रेफरल देतात. ते रेफरल घेऊन त्याने लष्करी रुग्णालयात किंवा पॅनेलवरील खासगी रुग्णालयात जायचे. तिथे वेगळी नोंदणी आणि वेगळी वेळ. तज्ज्ञांनी एक्स-रे किंवा एमआरआय सांगितला तर त्याची आणखी एक तारीख. अहवाल आल्यावर पुन्हा तज्ज्ञांची भेट. आणि लिहून दिलेली औषधे घ्यायला परत पॉलिक्लिनिक!

म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘डॉक्टरकडे जाऊन येतो’ एवढेच असले, तरी प्रत्यक्षात त्या चार-पाच वेगवेगळ्या रांगा असतात. प्रत्येक रांगेची खिडकी निराळी, यंत्रणा निराळी. एका खिडकीवरच्या माणसाला पुढच्या खिडकीवर कोणती तारीख मिळणार, याचा पत्ता नसतो. त्यात रेफरलला मुदत असते. रुग्णालयाने दिलेली तारीख त्या मुदतीच्या पुढे गेली, तर नव्या रेफरलसाठी पहिल्या खिडकीपासून सुरुवात करावी लागते.

उपनगरांत हा फेरा अधिक का दमवतो?

पहिले कारण अंतराचे. मुंबईतील नौदलाचे मुख्य रुग्णालय, आयएनएचएस अश्विनी, कुलाब्यात आहे. बोरिवली ते चर्चगेट हे रेल्वेचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही तीसेक किलोमीटर. स्थानकावर उतरल्यावर पुढे बस किंवा टॅक्सी लागतेच. सकाळची वेळ गाठायची तर नेमक्या गर्दीच्या लोकलमध्ये चढावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्याने घाटकोपर आणि अंधेरीकरांना मरोळ नाक्याला गाडी बदलून दक्षिण मुंबई गाठण्याचा तुलनेने सुसह्य पर्याय मिळाला आहे. बोरिवली आणि मुलुंडकरांसाठी मात्र भिस्त अजूनही मुख्यतः लोकलवरच आहे.

दुसरे कारण वयाचे. १९७१च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. त्याला सोबत कोणीतरी लागते. म्हणजे मुलाची किंवा सुनेची एक रजा. तारीख एकदा पुढे ढकलली गेली की दोन माणसांचे दोन दिवस जातात.

तिसरे कारण बरोबर याच्या उलट आहे. सगळेच माजी सैनिक म्हातारे नसतात. जवान म्हणून भरती झालेले अनेक जण चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात. उपनगरांतील बँका, कंपन्या, गृहनिर्माण संस्था, विमानतळ परिसर अशा ठिकाणी ते दुसरी नोकरी करतात. पाळीने काम करणाऱ्याला ‘सकाळी येऊन नंबर लावा’ असे सांगणे म्हणजे त्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडायला सांगणे.

एकाच रांगेत उभ्या असलेल्या या दोन माणसांच्या गरजा वेगळ्या आहेत. पंच्याहत्तरीच्या आजोबांना फेऱ्या कमी हव्यात. पंचेचाळिशीच्या माणसाला वेळ नक्की हवी. आजची पद्धत दोघांनाही सारखेच ताटकळत ठेवते.

सगळे सकाळीच आले तर काय होते?

एक सोपे गणित पाहू. एका डॉक्टरकडे दिवसाला ६० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला सरासरी सहा मिनिटे लागतात, असे धरू. एकूण काम सहा तासांचे झाले. आता हे साठही जण सकाळी आठला येऊन बसले, तर शेवटच्या रुग्णाला जवळपास सहा तास थांबावे लागेल. सरासरी प्रतीक्षा तीन तासांच्या जवळ जाईल.

याच ६० जणांना दर तासाला दहा याप्रमाणे बोलावले तर? डॉक्टर तेच, काम तेवढेच, वेळही तेवढाच. पण कोणालाही तासाभरापेक्षा जास्त थांबावे लागणार नाही आणि सरासरी प्रतीक्षा अर्ध्या तासाच्या आत येईल. एकही नवा डॉक्टर न नेमता, एक रुपयाचेही नवे यंत्र न आणता एवढा फरक पडतो.

प्रत्यक्षात गणित इतके सरळ नसते. कोणाला पंधरा मिनिटे लागतात, कोणी येतच नाही, कोणाला अचानक त्रास होतो. पण सगळ्यांना एकाच वेळी बोलावणे ही रांग लांबवण्याची सर्वात खात्रीची पद्धत आहे, हे यातून कळते. आणि ‘लवकर गेलो तर लवकर सुटू’ या हिशेबाने प्रत्येक जण आणखी लवकर येतो, त्यामुळे दारे उघडण्याआधीच रांग लागते.

मग ऑनलाइन नोंदणी पुरेशी का नाही?

ऑनलाइन वेळ मिळणे चांगलेच. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था २०१५ मध्ये सुरू केली. ऑक्टोबर २०२२ पासून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने रुग्णालयाच्या दारातला क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचे टोकन घेण्याची सोयही आणली. अर्ज लिहिण्याच्या, नाव-पत्ता सांगण्याच्या रांगेतून त्यामुळे सुटका होते.

पण नोंदणी आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर टोकन क्रमांक ४७ मिळाला, पण तो किती वाजता येणार हे कळले नाही, तर माणूस तरीही सकाळीच येऊन बसणार. रांग खिडकीवरून बाकड्यावर सरकली, एवढेच.

दुसरी अडचण ओटीपीची. अनेक वृद्ध सैनिकांच्या किंवा दिवंगत सैनिकांच्या पत्नींच्या कार्डाशी जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो. मुलगा पुण्यात, बंगळूरुत किंवा परदेशात आणि आई बोरिवलीत. ओटीपी येतो तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो आणि तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. ज्यांना सोयीची सर्वात जास्त गरज आहे, तेच अशा व्यवस्थेच्या बाहेर राहतात. सगळ्या वेळा मोबाइलवरच वाटल्या, तर स्मार्टफोन हाताळता येणारे पुढे जातील आणि ऐंशी वर्षांच्या आजी मागे राहतील.

तिसरी अडचण सर्वात मूलभूत आहे. अॅप वेळ वाटते, डॉक्टर तयार करत नाही. महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१५ मध्ये ईसीएचएसच्या कामगिरीवर दिलेल्या अहवालात पॉलिक्लिनिकमधील मनुष्यबळ, औषधे आणि उपकरणांच्या कमतरतेकडे लक्ष वेधले होते. पॅनेलवरील रुग्णालयांची बिले थकल्याच्या तक्रारीही देशाच्या वेगवेगळ्या भागांतून वेळोवेळी येतात. बिले अडकली की रुग्णालये योजनेच्या रुग्णांबाबत हात आखडता घेतात आणि तज्ज्ञांची तारीख लांबते. ही तारीख कोणत्याही अॅपला अलीकडे आणता येत नाही.

अमेरिकेत याच प्रश्नावरून मंत्र्यांना का जावे लागले?

माजी सैनिकांना डॉक्टरांची वेळ देणे हे किती नाजूक काम आहे, हे अमेरिकेला मोठी किंमत देऊन कळले. तिथल्या माजी सैनिक विभागाची रुग्णालये वेळ देण्यासाठी १९८०च्या दशकातील संगणक प्रणाली वापरत होती. ती बदलण्यासाठी विभागाने २०१२ मध्ये खुली स्पर्धाच जाहीर केली. २०१३ मध्ये तीन विजेत्यांना मिळून सुमारे ३० लाख डॉलरची बक्षिसेही दिली.

मात्र पुढच्याच वर्षी फिनिक्स शहरातील रुग्णालयाचे प्रकरण उघडकीस आले. रुग्णाला १४ दिवसांत वेळ मिळाली पाहिजे, असे विभागाचे उद्दिष्ट होते आणि अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे मूल्यमापन त्यावर होत असे. डॉक्टर तेवढे नव्हते. मग नोंदीच बदलल्या गेल्या. रुग्णाला कोणती तारीख हवी होती, हे लिहिण्याऐवजी जी तारीख उपलब्ध होती तीच त्याला ‘हवी असलेली’ तारीख म्हणून लिहिली जाई. कागदावर प्रतीक्षा शून्य! विभागाच्या महानिरीक्षकांनी मे २०१४ मध्ये दिलेल्या अंतरिम अहवालानुसार, २२६ रुग्णांच्या नमुन्यात पहिल्या भेटीसाठीची सरासरी प्रतीक्षा रुग्णालयाने २४ दिवस दाखवली होती. प्रत्यक्षात ती ११५ दिवस निघाली. सुमारे १७०० माजी सैनिकांची नावे तर अधिकृत प्रतीक्षा यादीतच नव्हती. त्याच महिन्यात विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर अमेरिकेने कायदा केला. ठरावीक दिवसांत वेळ मिळाली नाही, तर माजी सैनिकाला सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जाता येईल, असे ठरले. २०१९ पासून लागू झालेल्या निकषांनुसार प्राथमिक आणि मानसिक उपचारांसाठी ही मर्यादा २० दिवसांची, तर तज्ज्ञांसाठी २८ दिवसांची आहे. रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाला किती वेळ लागतो, हाही निकष त्यात धरला गेला.

भारताची व्यवस्था वेगळी आहे. इथे खासगी रुग्णालयांचे दार पहिल्यापासून उघडे आहे. पण दोन धडे इथेही लागू पडतात. पहिला, प्रतीक्षा रुग्णाच्या बाजूने मोजली पाहिजे, कार्यालयाच्या बाजूने नव्हे. दुसरा, डॉक्टर न वाढवता नुसते उद्दिष्ट लादले, तर रांग कमी होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

घरबसल्या सल्ल्याचा पर्याय किती उपयोगी?

संरक्षण मंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते २७ मे २०२१ रोजी ‘सेहत ओपीडी’ या दूरसल्ला सेवेचे उद्घाटन झाले. सेवेतील तसेच निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना व्हिडीओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळावा, हा तिचा हेतू. करोनाकाळात सुरू झालेली ही कल्पना उपनगरांतील वृद्धांसाठी आजही मोलाची आहे.

तिचा खरा उपयोग कुठे होतो, हे मात्र नीट ओळखले पाहिजे. नव्याने छातीत दुखू लागलेल्या माणसाला व्हिडीओवर तपासून चालत नाही. पण रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांसारख्या आजारांत दर वेळी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटण्याची गरज नसते. साखरेचा अहवाल पाहायचा, गोळी तीच ठेवायची की बदलायची ते सांगायचे, एवढेच काम असते. असे रुग्ण रांगेतून बाहेर पडले, तर ज्यांना हात लावून तपासण्याची गरज आहे त्यांच्यासाठी जागा होते. अट एकच, सल्ला घरी मिळाला तरी औषधासाठी फेरी मारावीच लागत असेल, तर वाचले काय? म्हणून दूरसल्ला आणि औषधे एकाच साखळीत यायला हवीत.

सुधारणा कुठून सुरू करता येईल?

पहिली पायरी तासवार वेळेची. टोकन क्रमांकाऐवजी ‘सकाळी १० ते ११’ असा टप्पा द्यायचा. मिनिटामिनिटाची वेळ देण्याच्या फंदात न पडता तासाचा टप्पा पाळला तरी पुरते.

दुसरी, राखीव जागांची. काही वेळा मोबाइलवर, काही फोनवर आणि काही थेट येणाऱ्यांसाठी ठेवायच्या. वृद्ध, अपंग आणि एकट्या राहणाऱ्या महिलांना फोनवरून वेळ मिळायला हवी. फोन उचलणारा माणूस ही या व्यवस्थेतील सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित यंत्रणा आहे.

तिसरी, रेफरलसोबतच तारखेची. पॉलिक्लिनिकमधून बाहेर पडताना रुग्णाच्या हातात नुसता कागद नको, तज्ज्ञांची तारीखही हवी. पॅनेलवरील रुग्णालयांच्या उपलब्ध वेळा पॉलिक्लिनिकच्या संगणकावर दिसल्या, तर मुदत संपून रेफरल वाया जाण्याचा प्रकार थांबेल. घाटकोपरच्या रुग्णाला घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातलेच रुग्णालय सुचवणेही मग सोपे होईल.

चौथी, एका फेरीत दोन कामांची. रक्त तपासणी, डॉक्टरांची भेट आणि औषधे एकाच दिवशी लागोपाठ ठेवता येतात. पती-पत्नी दोघेही रुग्ण असतील, तर दोघांची वेळ जोडून द्यायची. यासाठी नव्या प्रणालीपेक्षा वेळ देताना दोन प्रश्न अधिक विचारण्याची गरज आहे.

पाचवी, आठवणीची. आदल्या दिवशी मराठी किंवा हिंदीतून संदेश आणि ‘येणार नसाल तर कळवा’ असा सोपा पर्याय. रद्द झालेली वेळ दुसऱ्याला देता आली, तर डॉक्टरांचा वेळ फुकट जात नाही.

आणि सहावी, मोजण्याची. रुग्णाने पहिल्यांदा वेळ मागितली ती तारीख आणि उपचार प्रत्यक्ष मिळाले ती तारीख, या दोन नोंदी ठेवल्या तरी पुष्कळ कळेल. त्यासोबत एका आजारासाठी किती फेऱ्या झाल्या, हेही नोंदवायला हवे. प्रत्येक पॉलिक्लिनिकने हे आकडे दर महिन्याला फलकावर लावले, तर डॉक्टर कुठे कमी आहेत आणि नियोजन कुठे कमी पडते, हे वेगळे काढता येईल.

तोवर लाभार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

घर बदलले असेल, तर पेरेंट पॉलिक्लिनिक बदलून घ्यावे. गावाकडून मुलाकडे उपनगरात राहायला आलेल्या अनेकांची नोंद जुन्याच ठिकाणी राहते. कार्डाशी जोडलेला मोबाइल क्रमांक शक्यतो सोबत राहणाऱ्या व्यक्तीचा असावा.

रेफरल हातात पडताच त्याची शेवटची तारीख पाहावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात वेळ मागावी. ठरावीक वयावरील ज्येष्ठ लाभार्थ्यांना पॅनेलवरील रुग्णालयांत तज्ज्ञांचा सल्ला रेफरलशिवाय थेट घेण्याची मुभा आहे. घरात या वयाचे कोणी असेल, तर तिचा उपयोग करून घ्यावा.

आणीबाणीत रेफरलसाठी थांबू नये. जवळच्या रुग्णालयात दाखल व्हावे. ते पॅनेलवरील नसेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे. अन्यथा खर्चाच्या परताव्यात अडचण येऊ शकते. औषधे संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढची वेळ घ्यावी. एखादे औषध उपलब्ध नसल्यास तशी नोंद मागून घ्यावी.

तक्रार किंवा सूचना करायची असल्यास आधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांकडे आणि पुढे ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राकडे लेखी द्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदतही घेता येते. तक्रारीत ‘फार वेळ लागतो’ असे मोघम लिहिण्यापेक्षा वेळ कधी मागितली, कधी मिळाली आणि किती फेऱ्या झाल्या, या तारखा लिहाव्यात. ही नोंद यंत्रणा ठेवत नसेल, तर निदान रुग्णाच्या वहीत तरी ती असावी. रांग कुठे अडते, हे दाखवून देण्यासाठी तीच उपयोगी पडेल.